स्टीम लाइनला प्लेटमधून कापलेला फ्लँज (पाइप बोल्टनं जोडायची चकती) चालतो का? ए १०५ (फोर्ज केलेलं कार्बन स्टील) आणि यात नेमका फरक काय?

लातूरचा_फिटर
नमस्कार मंडळी. साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे. ऑफ सीझनमध्ये मेन हेडरवरून डिस्टिलरीकडं ६ इंची नवीन स्टीम लाइन टाकायलोत, प्रेशर २१ किलो, टेंपरेचर ३४० च्या आसपास. सप्लायरनं १५० क्लासचे (क्लास म्हणजे प्रेशर रेटिंग) स्लिप ऑन, म्हणजे पाइपवर सरकवून वेल्ड करायचे, फ्लँज पाठवलेत, बिलावर ए १०५ लिहिलंय पण कडेवर गॅस कटिंगच्या रेघा स्पष्ट दिसायल्यात आणि हीट नंबरचा (पोलादाच्या वितळणीच्या लॉटचा) पंच कुठंच नाही, वरून काळा रंग मारलाय. विचारलं तर म्हणायलाय "कार्बन स्टीलच हाय ना, १५० क्लास २० किलोला चालतो, एखादा किलो वर झाला तर काय होतंय". मला काही पटंना. मॅनेजर म्हणतेत लवकर बसवा.

वाळूज_क्वालिटी
दादा, अजिबात बसवू नका. प्लेट रोल करताना पोलादातली घाण चपटी होऊन थराथरानं बसते, भाकरीच्या पापुद्र्यासारखी. वेल्डची ओढ त्या थरांवर आडवी पडली की थर सुटतात. फोर्जिंगमध्ये गरम बिलेट दाबून आकार देतात, तंतू आकाराबरोबर वळतात. बी १६.५ या फ्लँजच्या स्टँडर्डमध्ये प्लेटची परवानगी ब्लाइंड (पाइपचं तोंड बंद करायच्या) फ्लँजला आणि काही रिड्युसिंग (साइज कमी करायच्या) फ्लँजला आहे, स्लिप ऑन किंवा वेल्ड नेकला (मानेला पाइप टोकाला टोक वेल्ड होतो तो) नाही. मी स्वतः एका ठिकाणी असल्या फ्लँजला डीपी टेस्ट (रंग मुरवून बारीक तडे शोधायची) मारलेली, पांढऱ्या डेव्हलपरवर लाल रेघ अर्धा गोल फिरली होती. डोळ्याला काहीच दिसत नव्हतं.

शेंद्रा_पायपिंग
मटेरियलचं वर सांगितलंच, पण तुमच्याकडं त्याहून मोठी चूक क्लासची आहे. १५० क्लासचे ते २० किलो थंड लाइनला, ३८ डिग्रीपर्यंत. ए १०५ असला तरी ३५० डिग्रीला १५० क्लास फक्त ८.४ बार (१ बार म्हणजे साधारण १ किलो) धरतो. ३०० क्लास त्याच टेंपरेचरला ३७.६ बार. तुम्हाला ३००च पाहिजे, आणि वेल्ड नेक घ्या म्हणजे जॉइंटची रेडिओग्राफी (एक्स-रे तपासणी) करता येते. लाइन आयबीआरमध्ये (बॉयलरचे सरकारी नियम) येते, तर त्याचा फॉर्म ३ सी दाखला आणि उत्पादकाचं ३.१ टेस्ट सर्टिफिकेट मागा, त्यावरचा हीट नंबर फ्लँजवरच्या पंचाशी स्वतः जुळवून बघा, स्टोअरवाल्यावर सोडू नका. कार्बन ०.३५ टक्क्यांच्या आत, टेन्साइल (ओढ सोसायची ताकद) किमान ४८५ एमपीए. स्टड बी ७ ग्रेडचे, नट २ एच ग्रेडचे, गास्केट (दोन फ्लँजमधलं सील) स्पायरल वाउंड. आणि हो, ४२५ डिग्रीच्या वर सतत चालणार असंल तर ए १०५ पण नको, आतला कार्बन ग्रॅफाइट होऊन पोलाद कमजोर पडतं. तुमच्या ३४० ला काही अडचण नाही.

लातूरचा_फिटर
लई उपकार झाले सर. आत्ताच हेडरवरच्या जुन्या व्हॉल्व्हपाशी जाऊन रंग खरवडून बघितला, ३०० आणि हीट नंबर दोन्ही पंच केलेले आहेत अन् भोकं १२. आलेल्या मालाला ८ भोकं! म्हणजे तो बसलाच नसता त्याच्यावर. मॅनेजर साहेबांना हाताला धरून नेऊन दाखवलं. माल उद्या परत चाललाय.

वाळूज_क्वालिटी
छान केलं भाऊ. याच सप्लायरचा आधीचा माल लाइनला कुठं बसलाय का तेही बघून घ्या, हंगाम सुरू व्हायच्या आत.