काचेच्या कौलातून पडणारं ऊन आणि फिल्म लूक, कसं जमवायचं?

कोकणीफ्रेम:
शॉर्टफिल्मसाठी राजापूरकडचं जुनं कौलारू घर मिळालंय. माजघरात छपराला एकच काचेचं कौल, त्यातून उन्हाचा झोत थेट जात्यावर पडतो, डोळ्यांना भारी दिसतं पण कॅमेऱ्यात एकतर झोत पांढराफटक नाहीतर बाकी घर काळंकुट्ट. लाइट भाड्याने आणायला पैसे नाहीत. जुन्या फिल्मसारखा कॉन्ट्रास्ट, ग्रेन (बारीक दाणे), तो लालसर ग्लो हवाय. कॅमेरा एस-लॉग३ (उजेड-अंधार दोन्ही जास्त टिपणारं सोनीचं फिक्कं रेकॉर्डिंग) वाला, पण ८ बिट, म्हणजे रंगछटा कमी. एखादा लट (LUT, रंग बदलणारी तयार फाइल) टाकून भागेल का?

थर्माकोलमामा:
लटचं नंतर बघ. आधी झोत वाचव. झेब्रा (जास्त उजेडावर स्क्रीनवर येणारे तिरपे पट्टे) ९४ ला लाव, तिथे एस-लॉग३ क्लिप होतं, म्हणजे पुढचं सगळं पांढरं, दळणाऱ्या हातावर झेब्रा येता कामा नये, दगडाची कड जळली तर जळू दे. मग फ्रेमच्या खाली झोतातच थर्माकोलचा तुकडा ठेव, ऊनच चेहरा उजळेल. सत्यजित रायच्या 'अपराजितो'ला (१९५६) कॅमेरामन सुब्रत मित्रांनी स्टुडिओत बांधलेल्या अंगणावर पांढरं कापड ताणून असाच बाउन्स (आपटून परतलेला उजेड) वापरला होता.

अंधारप्रेमी:
मामा, ते मऊ आभाळी उजेडासाठी होतं हो, याला कडक ऊन हवंय! थर्माकोल ठेवलास तर अगदी छोटा ठेव. उलट पडवीचं दार लाव, खिडकीवर काळं कापड टाक, म्हणजे भिंतींवरचा भुरका उजेड जाईल आणि खरा कॉन्ट्रास्ट तिथेच मिळेल. सावल्या नंतर एडिटिंगमध्ये उजळत बसू नकोस, ८ बिटमध्ये सारवलेल्या जमिनीवर पट्टे दिसतात.

रीळ३५:
लाल ग्लो म्हणजे हॅलेशन. उजेड फिल्मच्या थरांतून आरपार जाऊन मागून परत उसळतो, लाल उजेड टिपणारा थर सगळ्यात खाली म्हणून तोच आधी पेटतो. सिने निगेटिव्हला मागे रेमजेटचा काळा थर हे थांबवायला असायचा, सिनेस्टिलची (सिने फिल्म फोटोंसाठी विकणारी कंपनी) फिल्म त्या थराशिवाय येते म्हणून तिच्यात ग्लो इतका दिसतो. त्यामुळे ग्लो फक्त झोताच्या कडेला टाक, अख्ख्या फ्रेमला नको. फ्री रिझॉल्व्हमध्ये (एडिटिंगचं सॉफ्टवेअर) हायलाइट की करून, म्हणजे फक्त उजळ भाग निवडून, ब्लर आणि थोडा लाल, बास. ग्रेन घातलास तर यूट्यूबला ४के मध्ये चढव, नाहीतर त्याचा चिखल होतो.

कोकणीफ्रेम:
वा, दार लावायचं डोक्यातच नव्हतं. झोत दिसावा म्हणून धुपाटणं फिरवलं तर चालेल?

अंधारप्रेमी:
चालेल, पण फिरवून बाहेर ने आणि धूर पातळ झाला की रोल कर, दाट असेल तर काळं सगळं राखाडी होतं. आणि वाइड (अख्खी खोली दिसणारा शॉट) आधी घे. छप्पर १० फुटांवर असेल तर झोत ४ मिनिटांत निदान २ इंच सरकतो, क्लोजअपला जातंच सरकवता येईल.