इटालियन क्रियापदांत जोर कुठल्या अक्षरावर? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

सहा महिने इटालियन शिकते आहे. वाचन जमतं, पण क्रियापद तोंडाने म्हटलं की बाई थांबवतात. 'पार्लानो' म्हणजे 'ते बोलतात'. मी दरवेळी 'ला'वर जोर देते, तो हवा 'पार्'वर. 'आबितानो'त (ते राहतात) तर पहिल्या 'आ'वर!

चुकीचं एक कारण माझ्या वहीतच सापडलं. उच्चार देवनागरीत लिहिले, आणि काना दिसला की जीभ ते अक्षर लांबवतेच. शिवाय 'पार्लो' म्हणजे 'मी बोलते' आणि 'पार्लो' म्हणजे 'तो बोलला', दोन्ही माझ्या वहीत सारखेच! जोर शेवटच्या अक्षरावर असेल तर इटालियनमध्ये त्यावर चिन्ह देतात, म्हणून 'तो बोलला' तिथे ओळखू येतं. मधल्या जोराला सहसा चिन्हच नसतं. मग ओळखायचं कसं?

'वेदेरे'त (पाहणे) जोर मधल्या 'दे'वर आणि 'प्रेंदेरे'त (घेणे) पहिल्या अक्षरावर, याला काही नियम आहे का?

आणि 'कोनोस्को' (मी ओळखते) पुस्तकात को-नो-स्को असं तोडलंय. आपण वृत्तात जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू धरतो, त्या सवयीने मला को-नोस्-को ऐकू येतं. माझा कान चुकतोय का?

प्रतिसाद १
ताई, वर्तमानकाळात आधी 'मी'चं रूप म्हणा. 'आबितो'त जोर 'आ'वर, म्हणून 'आबितानो'तही तिथेच. 'तेलेफोनो'त 'ले'वर, म्हणून 'तेलेफोनानो'तही 'ले'वरच. शेपूट वाढली तरी जोर हलत नाही. 'आम्ही' आणि 'तुम्ही'च्या रूपांत मात्र तो प्रत्ययावर जातो: पार्ल्यामोत 'ल्या'वर, पार्लातेत 'ला'वर.

अक्षरं मोजायलाही हीच युक्ती चालते. 'स्तूद्यो'त (मी शिकतो) जोर 'स्तू'वर, म्हणून स्तू-द्या-नो, तीन अक्षरं. 'इन्वीओ'त (मी पाठवतो) जोर 'वी'वर, म्हणून इन्-वी-आ-नो, चार.

'एरे'वाल्यांना नियम नाही, पाठच करा. बहुतेक 'प्रेंदेरे'सारखी. 'वेदेरे'च्या गटातली कमी, पण रोजची: आवेरे (जवळ असणे), सापेरे (माहीत असणे), पोतेरे (शकणे), वोलेरे (हवे असणे).

कान चुकत नाहीये. को-नो-स्को हा ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचा नियम. उच्चारात 'पार्लारे'तला (बोलणे) 'ला' लांबतो तसा 'कोनोस्को'तला 'नो' लांबत नाही, कारण पुढचा 'स्' त्याला बंद करतो.

धागाकर्ती
मनापासून आभार! काल 'कापितानो' शब्दावर अडले होते, ते आता सुटलं. 'का'वर जोर दिला तर 'घडतात', 'ता'वर दिला तर 'कप्तान'. वही पुन्हा लिहायला घेतली आहे, जोराच्या अक्षराखाली रेघ मारून. एकच राहिलं: 'तेलेफोनामी' (मला फोन कर) यात मागे 'मी' जोडल्यावर जोर सरकतो का?

प्रतिसाद २
नाही, 'ले'वरच.