सोसायटीच्या तक्रारी आणि वाद नोंदवायला व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा बरं काय?

नाइलाजाने_सेक्रेटरी:
मंडळी, कोथरूडमधली जुनी सोसायटी, चार विंग. यंदा सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलंय. ग्रुप एकच, त्यात बी विंगच्या गच्चीची गळती, पार्किंग, इलेक्ट्रिक गाडीचा चार्जिंग पॉइंट आणि नातवंडांचे वाढदिवस, सगळं एकत्र. गळतीच्या कोटेशनचा फोटो जूनमध्येच टाकलाय. परवा तोच फोटो ज्यांनी अंगठा दाखवून पाहिला होता, ते विचारतात, "कोटेशन आणलंत का?" तक्रार कुठवर आली ते दिसेल आणि वादाच्या विषयावर काही ठरेल, असं सॉफ्टवेअर सुचवा. निम्मे सभासद सत्तरीपुढचे. फुकट असल्यास उत्तम.

विंग_डी:
गेटचं ॲप असेल तर त्यातच तक्रारींचा विभाग असतो, बघा. आमच्याकडे आहे. वापरत कोणी नाही.

जुना_टेस्टर:
माझी नोकरी सॉफ्टवेअरमधले बग, म्हणजे चुका, नोंदवण्यात गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

गळती ही तक्रार आहे, चार्जिंग पॉइंट हा वाद आहे. एका टोपलीत घालू नका.

तक्रारीला नंबर, ती कोणाकडे आहे त्याचं नाव आणि सद्यस्थिती, एवढंच लागतं. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलावाल्यांचं बगझिला हे बग नोंदवायचं सॉफ्टवेअर १९९८ पासून हेच करतंय. त्यातला मला आवडणारा भाग म्हणजे तक्रार बंद करताना कारण निवडावं लागतं: दुरुस्त झाली, आधीच्याच तक्रारीची पुनरावृत्ती आहे, किंवा 'करणार नाही'. हे तिसरं आपल्या कमिट्यांना जमतच नाही. आपण "बघू" म्हणतो आणि माणूस वर्षभर विचारत राहतो. 'होणार नाही, कारण लिफ्टच्या खर्चानंतर फंड उरलेला नाही' असं लिहून टाका. चार दिवस शिव्या बसतील, पण विषय संपेल.

त्यासाठी रेडमाइन वगैरे तसलीच सॉफ्टवेअर बसवू नका. फुकट आहे, पण सर्व्हर सांभाळणार कोण? गूगल शीट पुरे. सगळ्यांना फक्त बघायची परवानगी, लिहिणार तुम्ही आणि खजिनदार.

वादाचं वेगळं. १९७० मध्ये हॉर्स्ट रिटेल आणि वेर्नर कुंझ यांनी आयबिस नावाची पद्धत मांडली: आधी प्रश्न, त्याखाली सुचलेले पर्याय, प्रत्येक पर्यायाखाली बाजूचे आणि विरुद्धचे मुद्दे. पुढे १९८८ मध्ये तिचं ग्राफिक रूप, जीआयबिस, संगणकावर आलं. तुमच्यापुरतं सांगायचं तर 'चार्जिंग पॉइंट हवा का' हा प्रश्नच चुकीचा. 'वीज कोणाच्या मीटरवरून आणि खर्च कोणाचा' असा मांडा. पर्याय तीन: सामायिक मीटर, स्वतंत्र मीटर, सध्या नको. मग बघा, गाडी नसलेल्या काकांचं म्हणणं कशाखाली बसतं ते. भांडण माणसाशी न राहता ओळीशी होतं.

हे चालवायला लूमिओ बघा, गटाने चर्चा करून मत नोंदवायचं ऑनलाइन सॉफ्टवेअर. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या चळवळ्या मंडळींनी बनवलंय, कोड खुला आहे. त्यांच्याच सर्व्हरवर वापरायचं तर पैसे पडतात. प्रस्तावाला मुदत असते. सहमत, असहमत, तटस्थ, आणि 'हे होऊच देणार नाही' असंही म्हणता येतं, सोबत कारण लिहून. मुदत संपेपर्यंत मत बदलता येतं. शेवटी काय ठरलं ते वेगळं लिहायची जागा आहे.

नाइलाजाने_सेक्रेटरी:
'करणार नाही' वाचून अध्यक्ष हबकतील, पण करतो. सत्तरीपुढच्यांचं काय? लॉगिन म्हटलं की फोन नातवाकडे जातो.

जुना_टेस्टर:
त्यांना काही शिकवू नका. डेबियन या लिनक्स प्रणालीची बग-यंत्रणा १९९४ पासून ईमेलवर चालते: मेल पाठवला की नंबर मिळतो, त्याच नंबराच्या पत्त्यावर पुढचं बोलणं. तेच व्हॉट्सअ‍ॅपवर करा. काकांनी ग्रुपवर "पाणी गळतंय" लिहिलं की तुम्ही शीटमध्ये ओळ भरून "तक्रार ७, प्लंबर शनिवारी" एवढं उत्तर द्यायचं. पुन्हा विचारलं तर फक्त "७".

हिशेबनीस_काकू:
एक राहिलं. लूमिओवर बहुमत झालं म्हणजे ठराव झाला नाही. ठराव सभेतच होतो आणि इतिवृत्ताच्या वहीत लिहावा लागतो. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत, नोटीस पूर्ण १४ दिवस आधी. चार्जिंगचा विषय विषयपत्रिकेत घ्यायचा असेल तर चर्चेची मुदत गणपतीपुढे नेऊ नका. त्या दहा दिवसांत कोणी काही वाचत नाही.

नाइलाजाने_सेक्रेटरी:
नोटिशीचं बरं आठवण केलंत. शीट आज रात्री करतो. लूमिओ मात्र आधी कमिटीच्या सात जणांतच चालवून बघू, तिथेच दोन गट आहेत.