ब्रेक दाबला की डावा इंडिकेटरही मंद पेटतो : दोष नेमका कुठे शोधावा?

घाटवाट (चिपळूण)
माझ्याकडे २०१२ सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक आहे आणि ती बाराही महिने उघड्यावर उभी असते. यंदाचा पावसाळा सुरू झाल्यापासून मागच्या डाव्या दिव्यांचे काहीतरी बिनसले आहे. ब्रेक दाबला की डावा ब्रेक लाइट उजव्याच्या मानाने फारच मंद पेटतो आणि इंडिकेटर दिलेला नसतानाही त्याच बाजूचा मागचा इंडिकेटर तांबूस उजळतो. हेडलाइट लावून डावे वळण दाखवले, तर शेजारचा टेल लॅम्प इंडिकेटरच्या तालावर कमी-जास्त होतो. उजवी बाजू पूर्णपणे ठीक आहे. फ्यूज तपासून झाले, डावे दोन्ही बल्ब नवे बसवले आणि बल्ब काढून होल्डरमध्ये मल्टिमीटर लावला, तेव्हा व्यवस्थित १२ व्होल्ट दिसले. एका गॅरेजमध्ये स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच बदलण्याचा सल्ला मिळाला आहे, परंतु तो महाग असल्यामुळे आधी येथे विचारावेसे वाटले.

जुना चालक
फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा छोटा भाग, बदलून पाहावा. तो स्वस्त मिळतो आणि इंडिकेटरच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तेथेच असते.

तांब्याची तार
फ्लॅशरचा येथे संबंध दिसत नाही. तो बिघडला असता, तर उजव्या बाजूच्या लुकलुकण्यातही फरक पडला असता. शिवाय ब्रेकचा प्रवाह फ्लॅशरमधून जातच नाही. एक दिवा लावताना दुसराच उजळतो, तेव्हा सर्वप्रथम संशय अर्थवर, म्हणजे दिव्यातला प्रवाह गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडावर, घ्यावा.

आपल्या गाडीत मागच्या डाव्या बाजूचे ब्रेक, टेल आणि इंडिकेटर हे तिन्ही दिवे बहुधा एकाच काळ्या तारेने बॉडीला जोडलेले असावेत. ही तार किंवा तिचा बोल्ट गंजला की ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेल्या प्रवाहाला परतीची वाट सरळ मिळत नाही. मग तो त्या सामाईक सांध्यावरून उलट्या दिशेने इंडिकेटरच्या बल्बमध्ये शिरतो आणि पुढच्या इंडिकेटरच्या अर्थमधून बॅटरीकडे परततो. एकाच्या जागी दोन-तीन फिलामेंट एकापाठोपाठ आल्यामुळे १२ व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात आणि सगळेच मंद पेटतात. टेल लॅम्प इंडिकेटरच्या तालावर का हलतो, याचेही उत्तर हेच आहे.

आता मल्टिमीटरने १२ व्होल्ट का दाखवले, ते पाहू. बल्ब काढलेला असताना प्रवाह वाहतच नाही. मीटरला लागणारा प्रवाह इतका नगण्य असतो की तारेचा एकच धागा शिल्लक असला, तरीही पूर्ण व्होल्टेज दिसते. २१ वॅटच्या बल्बला सुमारे पावणेदोन अँपिअर लागतात आणि खराब जोड तेव्हाच उघडा पडतो. म्हणून बल्ब जागेवर ठेवून मोजावे. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळे टोक डिकीतल्या रंग खरवडलेल्या स्वच्छ धातूवर आणि लाल टोक होल्डरच्या काळ्या तारेवर लावा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. अर्थ चांगला असेल तर आकडा ०.२ व्होल्टच्या आतच राहील. तो एक-दोन व्होल्टच्या पुढे गेला, तर दोष अर्थमध्येच आहे. मीटर टोचण्यासाठी तारेच्या आवरणात सुई मात्र खुपसू नये, कारण कोकणातल्या हवेत त्या छिद्रातून ओल शिरते आणि पुढच्या वर्षी तेथेच नवा बिघाड होतो.

रात्रपाळी
वरील मत पटते, तरीही एक शक्यता बाजूला ठेवू नये. टेल आणि ब्रेकसाठी बहुधा २१/५ वॅटचा, दोन फिलामेंटचा बल्ब असतो. त्याच्या बाजूच्या दोन पिना मुद्दाम वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. दुकानातून चुकून एका फिलामेंटचा २१ वॅटचा बल्ब आला आणि तो जोर लावून बसवला, तर त्याचे तळाचे टोक होल्डरमधील दोन्ही संपर्कांना जोडू शकते. अशा वेळी हेडलाइट बंद असतानाही ब्रेक दाबताच डॅशबोर्डचे आणि नंबर प्लेटचे दिवे चांगले प्रखर पेटतात. अर्थच्या दोषात ते पेटलेच, तर अगदी क्षीण. परंतु तक्रार बल्ब बदलण्याआधीची दिसते, त्यामुळे माझाही कल अर्थकडेच आहे. एलईडी बल्ब लावून पाहण्याचा मोह तूर्त टाळावा. कमी वॅटमुळे अनेक गाड्यांत इंडिकेटर भराभर लुकलुकू लागतो, आणि नियमाप्रमाणे तो मिनिटाला ६० ते १२० वेळाच लुकलुकायला हवा.

घाटवाट
सविस्तर उत्तरांबद्दल आभार. सांगितल्याप्रमाणे मोजले असता ब्रेक दाबल्यावर आकडा ४ व्होल्टच्या वर गेला. होल्डरच्या काळ्या तारेपासून डिकीतल्या स्वच्छ बोल्टपर्यंत तात्पुरती तार जोडताच ब्रेक लाइट उजव्याइतकाच प्रखर झाला आणि इंडिकेटर उजळणे थांबले. मूळ अर्थचा बोल्ट डाव्या बाजूच्या कार्पेटखाली सापडला, तेथे गंज आहे आणि थिंबलवर (तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवर) हिरवट थर जमला आहे. ही तात्पुरती तारच कायम ठेवली तर चालेल काय?

तांब्याची तार
चालेल, परंतु मूळ जोड नीट करणे फारसे अवघड नाही. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून घ्या. हिरवट थिंबल कापून टाका आणि तारेचे आवरण मागे सोलत जा. आतले तांबे स्वच्छ, चकचकीत दिसू लागेपर्यंत कापत राहा, कारण काळ्या पडलेल्या तारेवर नवे थिंबल दाबले तरी जोड टिकत नाही. बोल्टखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, थिंबल घट्ट आवळा आणि त्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावा. तार तोकडी पडली, तर तेवढ्याच जाडीचा तुकडा जोडून घ्या.

कार्पेटखाली पाणी आले कोठून, हे मात्र शोधावेच लागेल. दिव्याच्या मागचे रबर पॅकिंग कडक झाले असेल, तर बाहेरून पाणी ओतले की आत ओघळ दिसतो. डिकीच्या झाकणाचे रबरही त्याच वेळी पाहून घ्या. उजव्या बाजूचा अर्थही याच पद्धतीने आताच मोजावा, कारण पाणी त्याही बाजूला पोहोचले असण्याची शक्यता आहे.