पाद्रे आयलंड : शार्क लागेनासे झाले की नेमकं काय बदलायचं?

केटीकर:
मंडळी, इथे किनाऱ्यावरून शार्क गरवणारं कोणी आहे का? गेल्या शुक्रवारी मेहुणा आणि मी टेक्ससच्या पाद्रे आयलंड नॅशनल सीशोअरला, पंधराव्या मैलाच्या पाटीपुढे मुक्काम ठोकून होतो. दोन मोठे रॉड, 20/0 चे मोठे सर्कल हूक (टोक आत वळलेले गोल गळ), कायाकने दोनशे ते चारशे यार्डांवर नेऊन सोडलेली जॅक माशाची मुंडकी. जूनमध्ये याच पद्धतीने मेहुण्याला सहा फुटी बुल शार्क लागला होता. या वेळी रविवार सकाळपर्यंत रीळ एकदाही वाजलं नाही. पाणी गरम, वारा पडलेला, समुद्र सपाट. शेवटी ओढून पाहिलं तर एक मुंडकं जसंच्या तसं आणि दुसऱ्याचं नुसतं हाड. अजून लांब सोडायला हवं होतं का? की ऑगस्टात जाण्यातच अर्थ नाही?

शनिवारचा_भटक्या:
ऑगस्टात एसीत बसा आणि मॅच बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरात मुलेट, म्हणजे आपली बोय, किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकायला लागली की कोणालाही शार्क लागतो.

पुळणकर:
भटक्या, ऑक्टोबरात कोणालाही लागतो हे खरं, पण मग त्यात तुझं काय कर्तृत्व?

केटीकर, वयाने मोठा असेन, अरे-तुरे करतो. मी कॉर्पस क्रिस्टीला राहतो, मूळ मालवणकडचा. लांब सोडायची गरज नव्हती. आमिष परत आलं की ते आधी हातात घेऊन बघायचं, मग पुढचं ठरवायचं. मुंडकं पांढरं पडलेलं, मऊ, पण कुठेच टोचा नाही, म्हणजे त्या पाण्यात कोणी फिरकलंच नाही. कातडी शाबूत, तिला बारीक चिमटे काढल्यासारखी भोकं आणि आतलं मांस गायब, हे खेकड्यांचं काम. कडा कुरतडून लोंबत असतील तर शिंगाळे, इथले हार्डहेड. आणि अर्धगोल साफ काप असेल, सुरीने कापावा तसा, तर शार्क येऊन गेला. त्याच्या तोंडाला तुझा 20/0 मोठा पडला. लोक यालाच ‘लागत नाही’ म्हणतात.

तुझ्या हाडावर काप दिसला का? आणि ते हाड कुठल्या रॉडचं, जवळच्या की लांबच्या? तू लिहिलं नाहीस. जवळच्याचं असेल तर जिवंतपणा किनाऱ्यालगत होता आणि तू त्याच्या डोक्यावरून पलीकडे आमिष सोडून बसला होतास.

दुसरी गोष्ट भरतीची. आपल्याकडे दिवसातून दोन भरत्या आणि उधाणाला पुरुषभर पाणी चढतं, त्यामुळे आपण चंद्राकडे बघून गरवायला शिकलो. इथे बऱ्याच दिवशी एकच भरती, एकच ओहोटी, आणि फरक फूट-दोन फूट. पाणी हलवतो तो मुख्यतः वारा. दोन दिवस आग्नेयेचा वारा लागला की लाटा वाळू ढवळतात, पाणी गढूळतं, खाणारे मासे किनाऱ्याला येतात. तुझ्या शनिवार-रविवारी वारा नव्हता म्हणजे हे काहीच घडत नव्हतं. अशा वेळी सूर्य वर असेतो झोप काढ. खरा वेळ सूर्यास्ताच्या आधी तासभर ते मध्यरात्र, आणि पुन्हा पहाटे.

रात्री मी कायाक गाडीवरून उतरवतच नाही. किनाऱ्याला समांतर वाळूचे तीन दांडे असतात, त्यांच्या मधले चर म्हणजे शार्कच्या वहिवाटी. अंधार पडला की बोय पहिल्या-दुसऱ्या चरात शिरते आणि ब्लॅकटिप जातीचे शार्क तिच्या मागोमाग. तिथे हाताने फेकलेलं तळहाताएवढं आमिष चारशे यार्डांवरच्या मुंडक्यापेक्षा भारी. गळ 12/0, फार तर 14/0. जाड केबलच्या जागी गळाजवळ हात-दीड हात पोलादी तार आणि पुढे जाड मोनो, म्हणजे एकपदरी नायलॉन दोर. पाणी स्वच्छ असताना केबलने फरक पडतो, असं माझं मत. मोनो मात्र शार्कच्या लांबीपेक्षा चांगली लांब ठेव. शेपटी घासली की मुख्य दोर गेलाच. काट्यांचं शिसं लाव, गोल शिसं प्रवाहात गडगडत किनाऱ्याला येतं.

आमिष ताजं हवं, आणि ते तिथेच पकडलेलं. छोट्या गळाला कोळंबीचा तुकडा लावून पहिल्या चरात टाकलास की व्हायटिंग ही छोटी मासळी मिळते. खेकडे फार असतील तर पाकट. पाकटाची कातडी इतकी चिवट की खेकड्यांना पोखरायला वेळ लागतो, आणि शार्कला ते आवडतंही. पाणी 30 अंश सेल्सिअसच्या आसपास असताना मऊ मासा दोन-तीन तासांत गळून जातो. तू एकच मुंडकं रात्रभर ठेवलंस का?

आणि हलायचं. दोन ताज्या आमिषांना कोणी तोंड लावलं नाही तर सामान गाडीत टाक. तुझ्यापासून थोडं दक्षिणेला बिग शेल आहे. उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून येणारे किनारी प्रवाह तिथे भेटतात, म्हणून शिंपल्यांचा खच पडतो आणि किनारा एकदम उतरता होतो, खोल पाणी जवळ येतं. वाटेत पेलिकन कुठे सूर मारतायत, बोय कुठे उड्या मारतेय ते बघ. मी पक्ष्यांसाठी थांबतो, मैलाच्या पाटीसाठी नाही. फक्त तिथल्या शिंपल्यांत चाकं रुततात, टायरची हवा आधीच कमी कर.

टॅम्पावाली:
पुळणकरांचं पाकटाचं अगदी पटलं. आमच्या फ्लोरिडात 1 जुलै 2019 पासून किनाऱ्यावरून शार्क पकडायला वेगळा परवाना लागतो. फुकट असतो, पण आधी ऑनलाइन शिकवणी पूर्ण करावी लागते. किनाऱ्यावरून मासळीचं रक्त-तुकडे पाण्यात सोडायलाही बंदी. त्यामुळे मासा मंदावला की आम्हाला जागा आणि वेळ बदलणं एवढंच हातात उरतं, आणि खरं सांगू, त्याने काही अडलं नाही. केटीकर, टेक्ससचे नियमही बघून जा हं.

केटीकर:
हाड जवळच्या रॉडचंच होतं, सुमारे दोनशे यार्ड! काप नव्हता, कडा लोंबत होत्या. आणि हो, मुंडकी रात्रभर तीच. पुढच्या शुक्रवारी परत जातोय. रक्त-तुकडे सोडून शार्क जवळ येतील का? आणि लहान गळावर चुकून मोठा लागला तर?

पुळणकर:
लोंबत्या कडा म्हणजे शिंगाळे. मग पाकटच ने.

रक्त-तुकड्यांच्या फंदात पडू नकोस. प्रवाह तो वास किनाऱ्याच्या कडेकडेने तुझ्या शेजाऱ्याच्या तंबूसमोर नेतो, शार्क त्याला लागतो, वर पोहणाऱ्या पोरांचे आईबाप तुझ्याकडे बघतात.

मोठा लागला तर 12/0 चा चांगला गळ टिकतो, प्रश्न रिळावरच्या दोराचा आहे. निदान पाचशे यार्ड दोर असलेलं रीळच वापर. गळ सर्कल, टोक बाजूला न वळलेला आणि स्टेनलेस नसलेला, हे टेक्ससमध्ये बंधनकारक आहे. दिवसाला माणशी एकच शार्क ठेवता येतो. ब्लॅकटिप किमान 24 इंच, बुलसारख्या मोठ्या जातींना 64, हॅमरहेडला 99. सँडबार तर ठेवताच येत नाही, आणि तो रात्री बॅटरीच्या उजेडात बुलसारखा वाटू शकतो. पाठीवरचा उंच पर आणि पाठीच्या दोन परांमधला लांबट उंचवटा दिसला तर तो सँडबार. ओळख पटत नसेल तर सोडून दे.

ऑगस्टात सोडायची घाईही जास्त हवी. गरम पाण्यात प्राणवायू कमी, झुंजलेला शार्क लवकर संपतो. कोरड्या वाळूवर ओढायचा नाही, घोटाभर पाण्यातच ठेवायचा. गळ कापायला बोल्ट कटर खिशात हवा, गाडीत नको. मेहुण्याला फोटो काढायचा असेल तर फोन आधीच हातात धरून उभा राहायला सांग.

शुक्रवारी निघण्याआधी वाऱ्याचा अंदाज बघ. आग्नेयेचा दहा-पंधरा मैलांचा दिसला तर मीही येईन, बिग शेलच्या अलीकडे पांढरी गाडी.