ओसी (पालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र) हातात नसलेल्या घरात पैसे अडकवू नयेत, असं माझं ठाम मत आहे

धागाकर्ता (रावेत)

भाचा घर बघतोय. पुण्याजवळच्या पुनावळ्यात बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात टू बीएचके, किंमत ७० लाख. रविवारी टोकन द्यायला निघाला होता, मी अडवलं. त्यावरून घरात वाद झालाय, म्हणून इथे मांडतो.

आम्ही २०१६ च्या दसऱ्याला बुकिंग केलं. करारनाम्यात ताबा मार्च २०१९ चा होता. किल्ली मिळाली एप्रिल २०२२ मध्ये. ३७ महिने दरमहा १८,००० भाडं, आणि बँकेने बिल्डरला दिलेल्या रकमेवरचं व्याज त्यावर वेगळं. आईसाठी सागवानी देव्हारा करून घेतला होता. तो भाड्याच्या घरात चादरीत गुंडाळलेलाच राहिला. आई २०२१ मध्ये गेली.

म्हणून सांगतो, राहायला परवानगी देणारं भोगवटा प्रमाणपत्र आलेलं, नळाला पाणी असलेलं, चार कुटुंबं राहत असलेलं घर घ्या. तयार घराला ओसी आली असेल तर जीएसटीही नाही. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के, म्हणजे इथे साडेतीन लाख.

हिशोबवही

दादा, तुमचं वाचून जीव हळहळला. पण एका अनुभवावरून सगळ्यांसाठी नियम काढू नका. तुमचं बुकिंग महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, आधीचं. रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला. आता किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची तर बिल्डरला आधी करारनामा नोंदवावा लागतो. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ताबा लांबला तर पैसे व्याजासकट परत मागता येतात, किंवा घर ठेवून दर महिन्याचं व्याज मागता येतं.

शिवाय तयार घर त्याच भागात महाग पडतं, आणि चांगल्या दिशेचे, मधल्या मजल्यांचे फ्लॅट तोवर संपलेले असतात. तिशीतल्या नोकरदाराला टप्प्याटप्प्याने पैसे द्यायची सोय मोठी असते. भाच्याला महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडायला सांगा. पूर्णत्वाची मूळ तारीख आणि सुधारित तारीख शेजारी शेजारी ठेवून बघ म्हणावं. मुदत दोनदा वाढवून घेतलेली दिसली तर मीसुद्धा तुमच्या बाजूने. नाहीतर मुलाला घेऊ द्या.

धागाकर्ता

कायदा मला मान्य आहे. पण आदेश मिळणं आणि पैसे मिळणं यात फार अंतर आहे. आमच्याच इमारतीतल्या एका कुटुंबाने तक्रार केली, व्याजाचा आदेश त्यांच्या बाजूने लागला. बिल्डरने पैसे दिले नाहीत. मग वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथून तहसीलदारांकडे. त्या काकांनी तहसीलच्या किती खेपा घातल्या, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि टप्प्याटप्प्याची सोय म्हणता, तर हिशोब बघा. ७० लाखांच्या घराला बँक ८० टक्के, म्हणजे ५६ लाखांच्या वर देत नाही. उरलेले १४ लाख, मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांनी ४ लाख ९० हजार, नोंदणी ३० हजार, साडेतीन लाख जीएसटी. हे झाले २२ लाख ७० हजार. पार्किंग, क्लबहाउस, देखभालीचे आगाऊ पैसे मी धरलेलेच नाहीत. एवढी पुंजी ओतून वर भाडं भरायचं, तर घरखर्चाला काय उरणार?

चिंचवडची सून

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, इथे ७० हजार. नवराबायकोच्या जोडनावावर ती मिळत नाही. आमच्या लक्षात नोंदणीच्या दिवशी आलं.

सोसायटीचा सचिव

मी ३४ वर्षं जुन्या सोसायटीत सचिव आहे. धागाकर्त्यांना एवढंच सांगतो की रिसेल, म्हणजे आधीच्या मालकाकडून घेतलेलं जुनं घर, म्हणजे निर्धास्त, असं धरून चालू नका. आमच्या इमारतीची जमीन परवा-परवापर्यंत मूळ मालकाच्याच नावावर होती. बिल्डरने कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, करून दिलंच नव्हतं. शेवटी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी (बिल्डर करून देत नसताना जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्यासाठी) जावं लागलं. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की पहिला प्रश्न हाच येतो, जमीन कुणाची?

दुसरी गोष्ट याहून जास्त रडवते. विकणारा गृहस्थ वारलेल्या वडिलांचा नॉमिनी असतो. शेअर सर्टिफिकेटवर त्याचं नाव लागलेलं असतं, घेणाऱ्याला वाटतं मालक हाच. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आमच्याकडे असा व्यवहार झाला आणि दीड वर्षाने नाशिकहून त्याची बहीण वकिलाची नोटीस घेऊन आली. तिचं हक्कसोडपत्र कुणी मागितलंच नव्हतं. घेणाऱ्या जोडप्याने कर्ज काढलेलं होतं. ती मुलगी माझ्यासमोर बसून रडली, आणि मी आधी विचारलं का नाही, हे मला अजून टोचतं.

म्हणून पहिल्या खरेदीपासून आजपर्यंतचे सगळे करारनामे बघा, एकही दुवा निसटता कामा नये. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास) स्वतःच्या वकिलाकडून काढा, बँकेचा वकील बँकेपुरतं बघतो.

भाड्याने सुखी

दोघांनाही विचारते, घ्यायचंच कशाला? ५६ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं धरली तर हप्ता ४८ हजारांच्या वर जातो. तसंच घर भाड्याने त्याच्या निम्म्यात मिळतं.

हिशोबवही

ताई, आकडा बरोबर आहे. पण ११ महिन्यांचा करार संपला की मुलाची शाळा कुठे न्यायची, हे त्या हप्त्यात दिसत नाही.

भाचा

मामा, मीही वाचतोय. रविवारी टोकन देत नाही, तेवढं तुमचं ऐकलं. पण ओसीपर्यंत थांबा हे मला जमणार नाही. घरमालकाने जूनमध्ये घर सोडायला सांगितलंय, आणि हिचे दिवस भरत आलेत. बाळाला घेऊन दोनदा बिऱ्हाड हलवायची माझी तयारी नाही.

महारेराचं पान उघडलं. मुदत एकदाच वाढली आहे, कोविडमध्ये सगळ्यांना मिळाली तेवढीच, आणि सात मजले रंगापर्यंत आलेत. बिल्डरकडे करारनाम्याचा मसुदा मागितला, तर म्हणाले टोकननंतर देऊ. ते मला खटकलं. मसुदा आधी दिला तरच पुढे जाईन.

सचिवकाका, चिंचवडला एक नऊ वर्षांचा रिसेलही बघितलाय. ओसी आहे, पण कन्व्हेयन्सचं विचारलं तर अध्यक्ष म्हणाले, "होतंय." त्यांच्याकडे नेमका कोणता कागद मागू?

सोसायटीचा सचिव

जमिनीची मिळकत पत्रिका किंवा सातबारा माग. त्यावर सोसायटीचं नाव आहे का, ते बघ. नसेल तर अर्ज केल्याची पोच माग. मिळाली की मला दाखव, मी वाचून देतो.