मदत हवी आहे: वंशावळीच्या वर्गासाठी सारख्या नावांचा सराव

ग्रंथालयातल्या मोफत वंशावळ वर्गासाठी सरावाचा नमुना हवा आहे. दीड तासाची ४ सत्रं, १५ जण. स्वतःपासून मागे जाणं आणि क्रमांक देणं लोकांना पटकन जमतं (स्वतः १, वडील दुप्पट, आई दुप्पट अधिक १, म्हणजे ५ क्रमांकाच्या आजीचे वडील १०, आई ११).

गाडी अडते ती तिसऱ्या सत्रात. एकाच नावाचे दोघं सापडले की वय जुळतंय म्हणून लोक पहिलाच उचलतात. जनगणनेतलं वय पुष्कळदा अंदाजानं सांगितलेलं असतं, दोन-चार वर्षांचा फरक सहज पडतो. चुकीचा पणजोबा चिकटला की त्याच्या मागच्या सगळ्या पिढ्या परक्या! शिवाय तीच चूक दहा ऑनलाइन वंशवृक्षांत उतरते आणि ते दहा पुरावे वाटायला लागतात.

साक्षीदार, शेजारी, व्यवसाय ताडून पाहा, हे सांगून पटतं. पण प्रत्यक्ष नोंद हातात आली की लोक ते विसरतात. २० मिनिटांत सुटेल असा ५-६ नोंदींचा संच कोणाकडे आहे का? जन्म, लग्न, जमीनविक्री, मृत्यू असं काहीही चालेल. निदान दोन नोंदींत एकच साक्षीदार हवा. हयात माणसांची माहिती मात्र नको.